पडद्याचे छिद्र आणि सूर्याकडे टक

नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला (रेटिनाला) छिद्र पडले आहे; त्यासाठी ठरलेली शस्त्रक्रिया तिने गेल्या आठवड्यात परस्पर रद्द केली. कारण एक व्हॉट्सॲप संदेश, जो मलाही आतापर्यंत चार गटांतून आला आहे: ‘पडद्याचे छिद्र आपोआप भरते; शस्त्रक्रिया म्हणजे लूट; डॉक्टर डोळ्यात गॅस भरून दोन महिने पालथे झोपवतात, वर मोतीबिंदू होतो; त्यापेक्षा एरंडेल घाला आणि एक्केचाळीस दिवस उगवत्या सूर्याकडे रोज एक मिनिट वाढवत पाहा.’

शेवटच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो नुसता खोटा नाही, घातक आहे. सूर्याकडे पाहताना डोळ्याचे भिंग त्याचा प्रकाश नेमका पीतबिंदूवर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरच्या सर्वांत स्पष्ट दिसणाऱ्या भागावर, जिथे हे छिद्र पडले आहे त्याच जागी, एकवटते; तिथल्या पेशी त्याने जळतात आणि पडद्याला वेदना कळत नसल्यामुळे पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांना होणारी इजा हीच. ‘कोवळे ऊन’ हा बचाव तर नौपाड्यात मुळीच टिकत नाही, कारण समोरच्या इमारतींच्या वर सूर्य येईपर्यंत तो कोवळा उरलेला नसतो. मावशीने गच्चीवर असे सहा दिवस काढले.

एरंडेलाबद्दल एवढेच, की बाहेरून घातलेले तेल पडद्यापर्यंत पोहोचत नाही.

छिद्र आपोआप भरते, हे अर्धसत्य मात्र मान्य करावे लागते. डोळ्यातला जेलीसारखा द्रव वयोमानाने आकसताना पडद्याला ओढतो आणि त्या ताणाने छिद्र पडते. ताण आपसूक सुटला तर अगदी सुरुवातीची अवस्था मागे फिरू शकते, म्हणून तेव्हा डॉक्टरही थांबतात. आरपार छिद्र आपोआप बुजणे विरळा, आणि मावशीचे आरपार आहे.

लुटीच्या आरोपाला उत्तर म्हणून नील केली आणि रॉबर्ट वेंडेल या डॉक्टरांचा 1991 सालचा शोधनिबंध पुरेसा आहे. तोवर असाध्य मानलेल्या या विकारात त्यांनी 52 डोळ्यांतील तो द्रव काढून गॅस भरला. 30 छिद्रे मिटली आणि त्यांपैकी 22 डोळ्यांना तक्त्यावरच्या किमान दोन ओळी अधिक वाचता येऊ लागल्या. पुढे पडद्यावरचा अतिपातळ पापुद्रा सोलण्याची पद्धत आली आणि आता लहान छिद्रांपैकी दहातली नऊ तरी मिटतात. नजर पूर्ववत होईल असे मात्र कोणीही प्रामाणिक डॉक्टर सांगत नाही, आणि उशीर झाला तर मिळणारा लाभही घटतो.

मोतीबिंदू वाढतो, हे खरे. तो काढता येतो. पालथे राहावे लागते ते सहसा काही दिवस, दोन महिने नव्हे; दीर्घकाळ टिकणारा गॅस डोळ्यात सुमारे तेवढा काळ राहतो, म्हणून हा गोंधळ. त्या काळातली खरी जोखीम संदेशात नाहीच: उंचीवर हवेचा दाब कमी होताच गॅस फुगतो आणि डोळ्यातला दाब धोकादायक वाढतो. म्हणून विमानप्रवास वर्ज्य, आणि घाट चढण्याआधीही डॉक्टरांना विचारावे लागते. मावशीला शस्त्रक्रियेची नवी तारीख मिळाली आहे. महाबळेश्वरची खोली आम्ही कालच रद्द केली.