‘चार दिवस जहाजात गेले, युनिव्हर्सलला अर्धाच दिवस’: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या ट्रॅव्हल ऑफिसबद्दलचा तुमचा एक स्टारचा अभिप्राय परवा रात्री वाचला. वाचल्या वाचल्या उत्तर ठोकायला बसले होते, पण आमच्या यांनी फोन काढून घेतला. म्हणाले, आधी फाइल काढ. काल फाइल काढली. कोटेशन, दिवसवार कार्यक्रम, तुमचे-माझे व्हॉट्सअॅप मेसेज, सगळं पुन्हा वाचलं. रात्री लिहिलं नाही ते बरंच झालं, नाहीतर इथे नुसतं भांडण झालं असतं.

बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सहा जण नाशिकहून सिंगापूरला गेलात: आजी-आजोबा, तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. सहा रात्री, सात दिवस. तुम्ही लिहिलंय की चार दिवस जहाजात गेले, मुलं ज्यासाठी आली होती त्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कला जेमतेम अर्धा दिवस मिळाला, धाकट्याला मोठ्या राइडला घेतलंच नाही, तुम्ही लेगोलँड हे लहान मुलांचं पार्क मागत होतात तर आम्ही कमिशनसाठी क्रूझ गळ्यात मारली, आणि वर शेवटच्या रात्री जहाजावर टिपचं बिल आलं.

युनिव्हर्सलचं आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे.

तुम्ही टाकलेला फोटो मी तीन-चारदा बघितला. मागे तो फिरणारा मोठा गोल, पुढे बाकावर आजोबा, त्यांच्या मांडीवर धाकटा गाढ झोपलेला, आणि त्याच्या मुठीत घडीही न मोडलेला पिवळा रेनकोट. फोटोवर वेळ आहे दुपारी ३.४०. मग मी तुमचं वेळापत्रक उलटं मोजत गेले. आदल्या दिवशी दुपारी एकला तुम्ही नाशिक सोडलंत. मुंबईचं विमान रात्री साडेअकराचं. साधारण साडेपाच तासांचा प्रवास आणि घड्याळ अडीच तास पुढे, म्हणजे सिंगापूरला उतरलात तेव्हा तिथे सकाळचे साडेसात आणि पोरांच्या अंगात पहाटेचे पाच. इमिग्रेशन, सामान, हॉटेलात बॅगा टाकणं, नाश्ता, आणि साडेबाराला युनिव्हर्सलचं गेट. त्या लेकराने झोपू नये तर काय करावं?

असं का ठेवलं तेही सांगते. हॉटेलची रूम दुपारी तीनच्या आधी मिळत नाही. सकाळी उतरलेल्या माणसांचं तोवर करायचं काय, म्हणून त्यांना थेट पार्कात नेऊन सोडायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. कागदावर दिवस भरलेला दिसतो. वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या ग्रुपला ते चालतं, तुमच्यासारख्या घराला नाही. पहिल्या दिवशी दुपारी सगळ्यांना झोपवून संध्याकाळी फक्त गार्डन्स बाय द बे ही बाग करायला हवी होती आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी दहाला, गेट उघडताना, युनिव्हर्सल. शुक्रवारची सिटी टूर शेवटच्या दिवशी, बुधवारी, गेली असती. तो दिवस मी मुस्तफा या मोठ्या दुकानातल्या खरेदीला मोकळा सोडला होता. खरेदीला दोन तास पुरतात. मुस्तफात दिवसभर हरवणारे लोकही आहेत म्हणा, पण तुम्ही त्यातल्या नाही.

सकाळी दहाचा आग्रह का, तर दिवाळीच्या सुमारास तिथे दुपारी ढग भरून येतात आणि वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड बंद ठेवतात. बॅटलस्टार गॅलॅक्टिका, ज्युरासिकची पाण्यातली राइड, हे सगळं उघड्यावर. ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी आत, छपराखाली. म्हणून उघड्यावरचं सकाळी उरकायचं आणि पाऊस आला की आत शिरायचं. तुम्ही साडेबाराला पोचलात, दोनला विजा सुरू झाल्या, आणि आतल्या राइडची रांग सगळ्या पार्काने लावली. त्या रांगेला कंटाळून तुम्ही तिथल्या तिथे एक्स्प्रेस पास, म्हणजे जादा पैसे भरून छोट्या रांगेतून जायचे पास, काढलेत. त्या पासचे सहाच्या सहा जणांचे पैसे मी परत करणार आहे. पावतीचा फोटो तेवढा पाठवा.

उंचीचंही तसंच. ट्रान्सफॉर्मर्सला १०२ सेंटीमीटर लागतात, ज्युरासिकला १०७, ममीला १२२, गॅलॅक्टिकाला १२५. आमच्या फॉर्मवर मुलांचं वय विचारलेलं होतं, उंची नाही. तुम्हीच लिहिलंय की तो ९९ भरला. तीन सेंटीमीटरसाठी गेटवर रडलेलं मूल मी स्वतः पाहिलंय, त्याला समजावायला कुठला शब्द नसतो. आता फॉर्मवर उंचीचा रकाना टाकलाय, आणि ऑफिसच्या दाराला शाळेत असते तशी मोजपट्टी लावलीय.

इथपर्यंत मान्य. पण जहाजाच्या बाबतीत मी मागे हटणार नाही.

‘चार दिवस’ हा हिशोब एकदा मांडते. क्रूझ विकतात रात्रींवर, पार्क विकतात दिवसांवर. कोटेशन करताना मी रात्री मोजत होते, वाचताना तुम्ही दिवस मोजत होतात, आणि आपण दोघीही बोललो नाही. सगळी गफलत तिथे झाली. तीन रात्रींच्या क्रूझमध्ये शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार अशा चार तारखा अडकतात हे खरं. पण शनिवारी हॉटेल सोडून, टर्मिनलवर चेक-इन, इमिग्रेशन करून जहाजावर पाऊल पडेपर्यंत दुपारचे दोन. मग सगळ्यांना करावा लागतो तो सुरक्षेचा सराव, आणि जहाज सुटतं संध्याकाळी. सोमवारी रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या, मंगळवारी सकाळी नाश्ता करून केबिन रिकामी करायची. म्हणजे अख्खे दिवस दोनच, रविवार आणि सोमवार. हे मी बुकिंगच्या दिवशी कागदावर रेघ मारून दाखवायला हवं होतं. आता दाखवते. म्हणूनच दोन रात्रींची क्रूझ मी कुणाला सुचवत नाही. चढण्या-उतरण्यातच ती संपते. आणि एकूण सहलच पाच रात्रींहून कमी असेल तर क्रूझचं नावही काढत नाही, गिऱ्हाइकाने काढलं तरी.

मग तुम्हाला क्रूझ का सुचवली? तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्याच तोंडचं वाक्य माझ्या वहीत आहे: ‘आईबाबांना आम्ही पहिल्यांदाच परदेशात नेतोय.’ पार्कात आजी-आजोबांचं काय होतं ते मी वर्षानुवर्षं बघतेय. ते बाकावर बसून पिशव्या राखतात. नातवंडं तासाने येतात, पाणी पितात आणि परत पळतात. तिकीट काढून माणूस पिशव्या राखतो. जहाजावर ते होत नाही. लिफ्ट आहे, पावलापावलाला बसायला जागा आहे, मुलं घसरगुंडीवर असताना आजी शेजारीच चहा घेऊन बसू शकते, आणि गुडघे बोलायला लागले तर खोली दोन मिनिटांवर. तुमच्या अभिप्रायातच सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, ‘आईबाबांना मात्र जहाज आवडलं.’ अहो ताई, ती ओळ मी पहिली वाचली.

लेगोलँड हे सिंगापूरमध्ये नाही, ते मलेशियात जोहोरला आहे. सिंगापूरहून दिवसभरासाठी जायचं म्हणजे सिंगापूरमधून बाहेर, मलेशियात आत, संध्याकाळी पुन्हा तसंच उलटं. एका दिवसात चार काउंटर, प्रत्येक वेळी बसमधून उतरा, रांग लावा, बस शोधा. सुट्टीच्या दिवसांत त्या रांगेत किती वेळ जाईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. सासूबाईंना घेऊन मी ते केलेलं नाही आणि तुमच्याकडून करवून घेतलं नसतं. एक मात्र कबूल करते, पाच वर्षांच्या मुलाला युनिव्हर्सलपेक्षा लेगोलँड जास्त मानवतं. तुम्ही चौघंच गेला असतात तर क्रूझ काढून मी तेच दिलं असतं, एक रात्र जोहोरला मुक्काम टाकून.

कमिशन. हो, मिळतं. पार्कच्या तिकिटावर आम्हाला चहापाणी सुटतं आणि क्रूझवर त्याहून बरं सुटतं, हे लपवण्यासारखं काही नाही. तुमच्या बुकिंगवर किती सुटलं तो कागद ऑफिसला या, समोर ठेवते. इथे आकडा टाकला तर शेजारचे तीन ट्रॅव्हलवाले आधी वाचतील.

टिपचं बिल मी परत करणार नाही. जहाजावर ती माणशी, दर रात्रीला लागते आणि मुलांनाही लागते. सहा माणसं, तीन रात्री, म्हणजे अठरा वेळा. तुमच्या कोटेशनच्या दुसऱ्या पानावर ‘समाविष्ट नाही’ या मथळ्याखाली ती पहिल्याच ओळीत आहे, आणि त्या पानावर तुमची सही आहे. टीसीएसबद्दलही, म्हणजे परदेश सहलीवर आम्हाला सरकारसाठी गोळा करावा लागतो त्या कराबद्दलही, तुम्ही ‘उकळले’ असा शब्द वापरलात. ते पैसे आमच्या खिशात येत नाहीत, तुमच्या पॅनवर जमा होतात. आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या करजमा उताऱ्यात दिसतील, रिटर्न भरताना तुमच्या सीएंना सांगा.

तुम्ही एका वाक्यात उरकलेली एक गोष्ट मला मात्र जास्त लागली: ‘क्वालालंपूर म्हणून उतरवलं ते बंदर निघालं.’ आमच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘क्वालालंपूर’ ठळक अक्षरांत आणि ‘पोर्ट क्लँग’ कंसात बारीक छापलेलं होतं. जहाज पोर्ट क्लँगलाच लागतं. तिथून शहर बसने तासाभराहून लांब, आणि जहाज संध्याकाळी सुटायच्या आत परत यायचं. म्हणजे जुळे मनोरे बघायचे तर धावत, नाहीतर जहाजावरच थांबायचं. मी स्वतः गेले होते तेव्हा जहाजावरच थांबले होते, सगळे उतरल्यामुळे पोहण्याचा तलाव रिकामा होता. हे तुम्हाला सांगितलं असतं तर त्या दिवशी सहा जणांचं बसभाडं वाचलं असतं आणि मुलांना तलाव मिळाला असता. पत्रिका बदललीय. आता पोर्ट क्लँग ठळक आहे.

एक्स्प्रेस पासची पावती माझ्या नंबरवर पाठवा, बँकेचे तपशील इथे टाकू नका. पैसे आठवड्याच्या आत येतील. अभिप्राय बदलावा असं मी म्हणणार नाही, युनिव्हर्सलच्या दिवसाला एक स्टार बरोबरच आहे.

आणि आजोबांना सांगा, जहाजाच्या डेकवर त्यांनी काढून घेतलेला तो फोटो आम्हाला मोठा करून हवाय, ऑफिसात लावायला. त्यांची हरकत नसेल तरच.