बोल्ट नजरेनं ओळखावा

विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये नाव कमवायचं असेल, तर आधी मॅन्युअलपासून चार हात लांब राहायला शिका. ज्याला काम येत नाही तो पुस्तक उघडतो. तुमचा हात बसलेला आहे, अर्धी हयात विमानाच्या पोटाखाली गेली आहे, आणि एका बोल्टचा नंबर बघायला तुम्ही उठून कॉम्प्युटरपर्यंत जाणार? नवी पोरं बघतायत. काहीतरी आब राखा.

बोल्ट नजरेनंच ओळखायचा असतो. या कलेचा उत्तम नमुना १९९० च्या जूनमध्ये बर्मिंगहॅमला बघायला मिळाला. ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॅप्टनपुढची काच बदलायची होती. रात्रपाळी होती, माणसं कमी होती, तेव्हा पाळीचे मॅनेजर स्वतःच बाह्या सरसावून उभे राहिले. (हे नीट लक्षात घ्या. कामचुकाराच्या हातून फारसं बिघडत नाही, कारण तो हातच लावत नाही. मोठ्या घोटाळ्याला कामाचा माणूस लागतो.) कुठला नंबर लागतो ते स्टोअरमधल्या माणसानं सांगितलं होतं, पण त्यावर विसंबतो तो कारागीर कसला! त्यांनी काढलेला जुना बोल्ट घेतला आणि अंधुक उजेडात खणांमधल्या बोल्टांशी ताडून जोडी जमवली. बारीक अक्षरांसाठी लागणारा चष्मा काही लावला नाही. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ जाडीला बारीक निघाले. फरक पाऊण मिलिमीटरहूनही कमी होता. उरलेले ६ आखूड निघाले. गंमत म्हणजे ज्याच्याशी जुळवत होते तो जुना बोल्टही मुळात चुकीचाच होता, आणि तरी वर्षानुवर्षं बिनतक्रार उडत होता. ‘आजवर काही झालं नाही’ या युक्तिवादाला याहून भक्कम आधार कुठून आणायचा?

१० जूनला विमान सतरा हजार फुटांवर पोचलं आणि काच निघून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकानं विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं, आणि कॅप्टन जगले. ही काच बाहेरून बसवलेली होती, म्हणजे आतल्या हवेचा दाब तिला बाहेर ढकलणार आणि सगळा भार बोल्टांवर येणार. तरीही हे काम दुसऱ्या कुणी तपासायचं बंधन नव्हतं. केबिनमध्ये दाब भरून बघायचंही नव्हतं. नियमात नसताना कुणी तपासायला आलाच, तर चेहरा पाडा आणि विचारा, ‘का, माझ्यावर विश्वास नाही?’ परत येणार नाही तो.

पाळी बदलताना काय राहिलं ते लिहून ठेवू नका. लिहिलं की पुरावा राहतो. जाता जाता जो भेटेल त्याला सांगावं, म्हणजे कर्तव्यही होतं आणि बसही चुकत नाही. १९९१ च्या सप्टेंबरमध्ये टेक्सासमध्ये काँटिनेंटल एक्सप्रेसच्या एका विमानाचं असंच झालं. शेपटीवरच्या आडव्या पंखाच्या कडेवर काम चाललं होतं. तपासनीस मोठ्या मनाचा निघाला, त्यानं हातभार म्हणून डाव्या बाजूचेही वरचे स्क्रू काढून ठेवले. पाळी बदलली. निरोप फिरला, पण ज्याला मिळायला हवा होता त्याच्यापर्यंत पोचला नाही. ४७ स्क्रू नसलेलं विमान सकाळी प्रवासी घेऊन निघालं. शेपूट उंच असल्यामुळे खालून ते कुणाला दिसणारही नव्हतं. १४ माणसं गेली. ज्याचं काम तपासणं त्यानंच काम करायला लागावं, ही सोय शक्य तिथं ठेवा. एका पगारात दोन माणसं मिळतात.

अर्धं काम टाकून चहाला जाण्यातही काही वावगं नाही, फक्त परतताना त्याच विमानाकडे परतायचा हट्ट नको. २०१३ च्या मेमध्ये हीथ्रोवर दोन टेक्निशियन एका एअरबस ए३१९ च्या इंजिनांची झाकणं खटके न लावता ठेवून गेले. सामान घेऊन आले ते दुसऱ्याच विमानापाशी. तिथली झाकणं नीट बंद होती. मग निष्कर्ष सरळच निघाला, की कुणीतरी आपल्यामागे लावून टाकली असणार. ‘कुणीतरी’ हा हँगरमधला सगळ्यात कष्टाळू कर्मचारी आहे, त्याच्यावर भार टाकत जा. सकाळी उड्डाणातच दोन्ही इंजिनांची झाकणं उडाली, एका इंजिनाला आग लागली, आणि विमान सुखरूप परत आलं हे नशीब. ते खटके इंजिनाच्या अगदी तळाशी असतात, बघायचे तर गुडघे टेकावे लागतात. धुतलेल्या गणवेशात कोण टेकणार?

विमानाला एकापेक्षा जास्त इंजिनं देतात ती एक बिघडलं तर दुसरं असावं म्हणून. या उधळपट्टीवर उपाय सोपा आहे: सगळ्या इंजिनांवर तेच काम एकाच रात्री, त्याच हातांनी उरकावं. १९८३ च्या मेमध्ये ईस्टर्न एअर लाइन्सच्या ट्रायस्टार विमानाच्या तिन्ही इंजिनांमध्ये तेलातले धातूचे कण पकडणारे भाग असेच बदलले गेले, आणि तिन्ही ठिकाणी तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, लावायच्या राहिल्या. हे भाग नेहमी ओ-रिंग लावूनच हातात यायचे, त्यामुळे ‘ओ-रिंग बसवली’ या ओळीपुढे सही करताना बघायची कुणाला सवय राहिली नव्हती. समुद्रावर तिन्ही इंजिनांचं तेल गळून गेलं. एक कसंबसं पुन्हा सुरू झालं म्हणून १७२ माणसं मायामीत उतरली.

धुलाईचं म्हणाल, तर तिला कुणी देखभालीत धरतच नाही, म्हणून तिच्यात स्वातंत्र्य भरपूर. १९९६ मध्ये लिमाला एअरोपेरूचं बोइंग ७५७ धुताना हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांवर टेप लावली आणि ती काढायची राहिली. टेप विमानाच्या अंगासारखीच चंदेरी होती. रात्री समुद्रावर वैमानिकांना खरी उंची कळेना, खरा वेग कळेना, आणि ७० जण गेले. २००८ मध्ये फ्रान्समध्ये पर्पिन्यांला एका ए३२० वर याच्या उलट झालं. धुताना झाकायचं होतं तिथं झाकलं नाही, पाइपाचं पाणी हवेचा कोन मोजणाऱ्या सेन्सरमध्ये शिरलं आणि वर गेल्यावर गोठलं. ती चाचणीचीच फेरी होती. वेग फार कमी झाला तर विमानाला सावरणारं जे संरक्षण शाबूत आहे का ते बघायचं होतं, त्याचेच डोळे गोठलेले होते, आणि तीही परीक्षा घेतली अशा कमी उंचीवर की सावरायला जागा उरली नाही. सात जण गेले. तेव्हा टेप लावायची का काढायची या वादात पडू नका, दोन्ही प्रकारे निकाल लागतो.

चाचणीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. विमान चाचणीत पास व्हावं म्हणून चाचणी घेतात, हे मनाशी पक्कं करा. ‘एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान कलवणारा भाग) हलतोय?’ ‘हलतोय.’ झालं, मारा टिक. कुठल्या दिशेला हलतोय हे विचारणारा माणूस प्रत्येक टीममध्ये एक असतोच, त्याला पार्किंगमध्ये काम द्या. २००१ मध्ये फ्रँकफर्टला लुफ्तान्झाच्या ए३२० मध्ये कॅप्टनच्या साइडस्टिकच्या, म्हणजे विमान चालवायच्या काठीच्या, तारा दुरुस्तीत उलट जोडल्या गेल्या होत्या. काठी हलवली, पंखावरचे भाग हलले, समाधान झालं. उड्डाणानंतर सहवैमानिकाची काठी सरळ निघाली म्हणून विमान वाचलं. २०१८ मध्ये पोर्तुगालला मोठ्या देखभालीनंतर एअर अस्तानाच्या एम्ब्रेअर विमानात एलेरॉनच्या केबलीच उलट्या बसल्या. विमानानं बिचाऱ्यानं स्वतःहून बिघाडाचा संदेश दाखवला. त्या संदेशामागे कित्येक दिवस माणसं लागली होती, पण संदेश घालवायला. विमान आकाशात वेडंवाकडं लोळलं, वैमानिकांनी अखेर समुद्रात उतरवायची तयारी दाखवली, आणि शेवटी बेजाच्या धावपट्टीवर सहाही जण जिवंत उतरले. संदेश गेला की बिघाड गेला, ही श्रद्धा मात्र त्यानंतरही ढळलेली दिसत नाही.

वेळ वाचवायचा झाला तर उत्पादकानं सांगितलेल्या क्रमाचा बाऊ करू नका. इंजिन आणि त्याला पंखाशी जोडणारा पायलॉन वेगवेगळे उतरवा असं डीसी-१० विमानाच्या कंपनीचं म्हणणं होतं. अमेरिकन एअरलाइन्सनं दोन्ही एकदम फोर्कलिफ्टवर घेऊन मनुष्यतास वाचवले. उचलता-टेकवताना पायलॉनला तडा गेला. १९७९ च्या मेमध्ये शिकागोला उड्डाणाच्या वेळी इंजिन पायलॉनसकट निघून पडलं आणि २७३ माणसं मेली. वाचलेल्या तासांचा हिशेब मात्र अगदी चोख होता.

आणि एवढं करून काही घडलंच, तर घाबरू नका. शेवटचा पाना ज्याच्या हातात होता तो शोधा. लिमाच्या प्रकरणात टेप लावणारा कामगार दोषी ठरला. त्याच्यानंतर तेच विमान बघून गेलेल्या नजरा बऱ्याच होत्या, पण टेप एकट्याची. पाळी तेवढ्याच माणसांची ठेवा, दिवे तेवढेच ठेवा, सुटण्याची वेळ तीच ठेवा, फक्त माणूस बदला. मग मानवी चुकांवर एक प्रशिक्षण ठेवा, रात्रपाळी संपल्या संपल्या सकाळी सातला, म्हणजे थकव्यावरचा भाग सगळ्यांना अनुभवासह समजेल. कॅनडात १९९३ च्या सुमाराला गॉर्डन ड्युपाँट यांनी अशा चुकांमागची बारा कारणं गोळा केली होती, त्यांना ‘डर्टी डझन’ म्हणतात. त्यांची रंगीत पोस्टरं मिळतात. थकवा, दबाव, गप्प बसणं, अपुरी साधनं असं सगळं त्यात आहे. एक आणून दारामागच्या भिंतीवर लावा, दार उघडं असलं की ते झाकलं जातं.

सर्वात शेवटी परिपत्रक काढा: ‘यापुढे सर्वांनी अधिक काळजी घ्यावी.’ खाली वाचल्याच्या सह्या घ्या. दुपारपर्यंत तक्ता भरून वर गेला पाहिजे. रजेवर असलेल्यांच्या रकान्यात तुम्हीच सही करून टाका, हात तर बसलेलाच आहे.