‘भातुकली’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

‘व्हर्च्युअल मशीनवर रेस्क्यू मोड तपासणं ही भातुकली आहे. खऱ्या रेड कंट्रोलरवर (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावर) करून दाखवा. पाथही चुकलाय. आणि लाइव्ह यूएसबी (जिच्यावरून थेट सिस्टम चालते ती) असताना हवंय कशाला हे?’ फेडोरा लिनक्सचा रेस्क्यू मोड, म्हणजे बिघडलेली सिस्टम दुरुस्त करायची इन्स्टॉलरमधली सोय, व्हर्च्युअल मशीनवर (संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकावर) कसा तपासायचा, या माझ्या लेखावरची ही आपली प्रतिक्रिया. मतभेद चालतात हो, पण अनोळखी माणसाशी बोलायची ही कुठली रीत?

पाथचं (फोल्डरच्या पत्त्याचं) मान्य. फेडोराचा हल्लीचा इन्स्टॉलर डिस्कवरची सिस्टम /एमएनटी/सिसरूटवर माउंट करतो (जोडतो), माझ्या हातून जुनं सिसइमेज लिहिलं गेलं. बदललंय.

आता भातुकली. प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची ओळ) दिसला की चाचणी पास, असं मी कुठे लिहिलंय? एलव्हीएम (डिस्कची लवचिक विभागणी) सापडतं का, लक्सचा (डिस्क एन्क्रिप्शनचा) पासफ्रेज विचारला जातो का, मेनूत १ दाबल्यावर सगळं माउंट होऊन चरूट करता (त्या सिस्टमच्या आत शिरता) येतं का, हे बघायचं असतं. त्यासाठी धडधाकट सिस्टम मुद्दाम मोडावी लागते. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) चुकीचा यूयूआयडी (विभागाचा ओळखक्रमांक) घालायचा, ग्रब (सिस्टम सुरू करणारा प्रोग्राम) उडवायचा, आणि स्नॅपशॉटवरून (आधी जतन केलेल्या स्थितीवरून) पुन्हा पहिल्यासारखं करून घ्यायचं. तुम्ही हे चालू सर्व्हरवर करता का? करत असाल तर आधी साहेबांच्या कानावर घाला!

आणि खरं मशीन मला शिकवू नका. बूट प्रॉम्प्टला ‘लिनक्स रेस्क्यू’ टाइप करावं लागायचं, त्या काळापासून मी सर्व्हर रूममध्ये बसलोय. आमच्या एका वरिष्ठांनी असंच चरूट करून रूटचा (मुख्य खात्याचा) पासवर्ड बदलला, रीबूट केलं, आणि बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिन होईना. पासवर्ड ठेवणाऱ्या शॅडो फाइलचं एसईलिनक्स (लिनक्सची सुरक्षा व्यवस्था) लेबल बिघडलेलं. /.ऑटोरिलेबल ही रिकामी फाइल करून ठेवली असती तर पुढच्या बूटला लेबलं आपोआप नीट झाली असती. म्हणून माझ्या चाचणीत पासवर्ड बदलून, रीबूट करून, लॉगिन होईपर्यंतचा भाग आहे. भातुकलीत एवढं कोण करतं?

हार्डवेअर रेड फेडोराच्या रिलीजच्या निकषांत आहे, ठाऊक आहे मला. कंट्रोलर पाठवून द्या, तोही तपासतो.

लाइव्ह यूएसबीने काम भागतं, पण मग माउंट आणि चरूटची सगळी जुळवाजुळव स्वतः करा. फेडोरा वर्कस्टेशनच्या लाइव्ह आयएसओत (यूएसबीवर घालायच्या डिस्क-फाइलमध्ये) इन्स्टॉलरचा रेस्क्यू मोड नसतो, सर्व्हरचा किंवा नेटइन्स्टॉलचा (नेटवरून इन्स्टॉल करणारा) आयएसओ लागतो, हे लेखाच्या सुरुवातीलाच आहे. तिथपर्यंत तरी वाचायचं होतं.