पात्रता आणि त्यानंतरची वर्षे

सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिलेल्या निकालापासून महाराष्ट्रातील शिक्षकांमध्ये जी चर्चा पेटली आहे, ती मी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडमध्ये बसून रोज वाचते आहे. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, त्यांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी, नाहीतर सेवेतून बाहेर पडावे, असे हा निकाल सांगतो. शिक्षणहक्क कायदा येण्यापूर्वी रुजू झालेलेही त्यातून सुटत नाहीत. मुलांना पात्र शिक्षक मिळालाच पाहिजे, मग परीक्षेला भ्यायचे कशाला, असे पालक आणि संपादक विचारतात. वीस-वीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाची पात्रता आता तपासणे हा त्याचा अपमान आहे, असे शिक्षक म्हणतात. मला दोन्ही म्हणणी समजतात, आणि दोन्ही अपुरी वाटतात.

टीईटी ही 150 गुणांची वस्तुनिष्ठ परीक्षा आहे आणि खुल्या प्रवर्गासाठी 90 गुणांना ती उत्तीर्ण होते. शिक्षकाला भाषा, गणित, परिसर अभ्यास आणि बालमानसशास्त्र यांतले किती ठाऊक आहे, हे त्या कागदावरून कळू शकते, आणि ते ठाऊक असायलाच हवे. परंतु काल शिकवलेला पाठ कुठे फसला हे तो शिक्षक आज स्वतःशी तपासून पाहतो का, हे त्यावरून कळत नाही. ते वीस वर्षांच्या सेवेवरूनही आपोआप कळत नाही. परीक्षा एका दिवसाचे बोलते आणि सेवाज्येष्ठता वर्षांची संख्या सांगते. त्या वर्षांच्या आत शिक्षक कसा घडत जातो, त्याला घडायला कोण मदत करते आणि त्यासाठी वेळ कुठून येतो, याविषयी या संपूर्ण वादात फार थोडे बोलले जाते आहे. मी दोन देशांत दोनदा नवशिकी शिक्षिका झाले, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करते.

पहिल्यांदा झाले ती 2008 मध्ये, बीड जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत, शिक्षणसेवक म्हणून. मानधन महिन्याला 3000 रुपये होते आणि मुदत तीन वर्षांची. त्या तीन वर्षांना प्रशिक्षणाचा काळ म्हणावे अशी एकही गोष्ट त्यांत नव्हती. पहिल्याच दिवशी पहिली आणि दुसरी असे दोन वर्ग माझ्याकडे आले, त्याबरोबर हजेरीपट आणि पोषण आहाराची नोंदवही. डी.एड.ला असताना आमच्या सरावपाठांना अध्यापक मागे बसत आणि पाठानंतर बोलत. रुजू झाल्यावर मात्र पुढच्या नऊ वर्षांत माझा एक पूर्ण पाठ पाहण्यासाठी कोणीही वर्गात बसले नाही. अधिकारी येत, पाठांच्या नियोजनाची टाचण वही मागत, लाल शाईने सही करत आणि शेरेबुकात ‘अध्यापन समाधानकारक’ असे लिहून पुढच्या शाळेकडे निघत. मला त्या माणसांचा राग नाही, कारण त्यांच्याकडे दिवसाला किती शाळा असत हे मी पाहिले आहे. पण ते समाधानकारक अध्यापन कोणी पाहिले होते, हा प्रश्न मला त्या काळात पडलाच नाही, याचे आज जास्त वाईट वाटते.

2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यामागचा विचार खरोखर चांगला होता: शिक्षकाने प्रत्येक मुलाकडे वर्षभर लक्ष द्यावे, त्याच्या शिकण्याविषयी आपल्या शब्दांत वर्णनात्मक नोंदी कराव्यात आणि त्यांच्या आधाराने आपले शिकवणे बदलावे. शिक्षकाच्या चिंतनाला शासनाने दिलेली ही जागाच होती. वर्षभरात तालुक्याच्या दुकानांतून तयार नोंदींची पुस्तके मिळू लागली, विषयवार आणि श्रेणीवार, आणि आम्ही सगळे त्यांतून उतरवू लागलो. माझ्या तिसरीच्या वर्गात ऊसतोड कामगारांची एक मुलगी होती. दिवाळीच्या सुमारास ती आईवडिलांबरोबर कारखान्यावर जाई आणि गाळपाचा हंगाम संपून पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडावर परत येई. वर्गात ती बोलत नसे. तिच्या नावापुढे मी लिहिले, ‘प्रश्नांना उत्तरे देताना संकोच करते.’ ते वाक्य खोटे नव्हते. पण ते पुस्तकातले होते, तिला पाहून सुचलेले नव्हते, आणि ते लिहिल्यावर मी तिच्यासाठी वेगळे काहीच केले नाही.

दुसऱ्यांदा नवशिकी झाले ती ऑकलंडमध्ये. माझी पदविका येथे पुरेशी ठरली नाही, म्हणून पुन्हा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि 2018 मध्ये तात्पुरत्या नोंदणीवर एका प्राथमिक शाळेत लागले. न्यूझीलंडमध्ये नव्या शिक्षकाला पूर्ण नोंदणी मिळण्याआधी साधारण दोन वर्षे मार्गदर्शक शिक्षकाच्या सोबतीने काम करावे लागते. त्यासाठी सरकार शाळेला वेळ देते: पहिल्या वर्षी आठवड्यातला एक दिवस आणि दुसऱ्या वर्षी अर्धा दिवस नव्या शिक्षकाचा वर्ग दुसरे कोणी सांभाळते, आणि त्या वेळात तो इतरांचे पाठ पाहतो, नियोजन करतो, मार्गदर्शकाशी बोलतो. मला वाटते, या देशाने मला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट हा मोकळा दिवसच होता.

माझी मार्गदर्शक शिक्षिका पहिल्यांदा पाठ पाहायला आली, तेव्हा मी जय्यत तयारी केली होती. रंगीत तक्ते होते, गटकार्य होते, वेळेचे चोख नियोजन होते. पाठ संपल्यावर तिने एक कागद पुढे केला. त्यावर शेरा नव्हता की गुण नव्हते. वीस मिनिटांत मी विचारलेल्या प्रश्नांच्या खुणा होत्या, एकूण 41, आणि प्रत्येक खुणेपुढे मुलाच्या उत्तरातल्या शब्दांची संख्या. बहुतेक ठिकाणी एक होता. प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांवरून आलेल्या कुटुंबातल्या एका मुलाच्या नावापुढे चार वेळा शून्य होते, आणि शेजारी लिहिले होते की प्रश्न विचारल्यापासून दुसऱ्या मुलाकडे वळेपर्यंत मी त्याला साधारण एक सेकंद दिला होता. तिने एवढेच विचारले, “त्याच्याकडून तुला काय ऐकायचे होते?”

मला राग आला. नऊ वर्षे शिकवून आलेल्या बाईला हे काय विचारणे, असे मनात आले. आज टीईटीच्या विरोधात बोलणाऱ्या माझ्या बांधवांच्या मनात जे आहे, तेच ते होते, आणि म्हणून त्यांची वेदना मला परकी वाटत नाही. दोन दिवस मी तो कागद बाजूला ठेवला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा पाहताना ती ऊसतोडीवरून परतणारी मुलगी आठवली. तिलाही मी एवढाच वेळ दिला असेल. पाच महिने उसाच्या फडात धाकट्या भावाला सांभाळून आलेल्या त्या मुलीला वजने, अंतरे, पहाटेच्या वेळा, गाडीत भरलेल्या मोळ्यांचा हिशोब यांविषयी किती काही ठाऊक असणार होते, आणि मी विचारत होते ते ती नसताना झालेल्या धड्यावरचे प्रश्न. मूल संकोच करते असे मी लिहिले. मी थांबत नाही, असे मी कधी लिहिले नव्हते. माझ्या शिकवण्याच्या आयुष्याला वळण मिळाले असेल तर ते त्या संध्याकाळी.

हे शक्य झाले त्याचे कारण मार्गदर्शिका विशेष हुशार होती एवढेच नव्हे. त्या कागदाचा उपयोग माझ्याविरुद्ध होणार नाही याची मला खात्री होती, म्हणून मी तो फाडला नाही. ज्याच्या हाती आपला गोपनीय अहवाल आहे, त्याच्यासमोर आपला फसलेला पाठ कोण मांडेल? शिक्षकांनी चिंतनशील व्हावे, असे सेवापूर्व अभ्यासक्रमापासून प्रत्येक प्रशिक्षणात सांगितले जाते. पण चूक निर्धास्तपणे बोलता येईल असे एक माणूस आणि एक तास आपण त्यांना देत नाही.

येथील सगळेच आदर्श आहे, असे मात्र मुळीच नाही. मी रुजू झाले तेव्हा वार्षिक मूल्यांकनासाठी शिक्षकांना पुराव्यांच्या जाडजूड फायली सांभाळाव्या लागत, आणि माझ्या सहकारी त्यांविषयी बोलत, तेव्हा मला आपल्याकडच्या नोंदवह्यांचीच आठवण होई. फरक इतकाच, की तो कागदांचा भार शिकण्यास उपयोगी पडत नाही हे शिक्षक संघटनांनी लावून धरले, 2019 मध्ये ती पद्धत काढून टाकण्याचा निर्णय झाला आणि 2021 पासून तिच्या जागी व्यावसायिक वाढीचे चक्र आले, ज्यात शिक्षक वर्षभर सहकाऱ्यांशी आपल्या कामाविषयी बोलत राहतो आणि फाईल मागितली जात नाही. 2025 मध्ये तर शिक्षकांची मानके ठरवण्याचे काम शिक्षक परिषदेकडून मंत्रालयाकडे नेण्याचा प्रस्ताव सरकारने आणला आणि त्यावर येथे तीव्र मतभेद झाले. म्हणून येथला एखादा नमुना उचलून महाराष्ट्रात लागू करा, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे नमुना आला की त्याची ऑनलाइन माहिती भरण्याची लिंक येते, आणि लिंक आली की ती आजच भरायची असते.

येथे आल्यावर या देशाच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, भाषेतला ‘आको’ हा शब्द शिकले. शिकणे आणि शिकवणे या दोन्हींसाठी तो एकच शब्द आहे. आपल्या भाषेतही या दोन क्रियापदांत एका अक्षराचेच अंतर आहे, पण शाळेत रुजू झाल्यावर आपण पहिले सोडून देतो. स्वतःची ओळख करून देताना माओरी माणूस आपला डोंगर आणि आपली नदी आधी सांगतो आणि नाव शेवटी. एका माओरी सहकारी शिक्षिकेच्या मदतीने मीही बालाघाटाच्या डोंगरांत आणि सिंदफणेच्या काठी वाढल्याचे वर्गाला सांगायला शिकले, आणि त्यानंतर तो टोंगाचा मुलगा आपल्या आजीच्या बेटाविषयी सलग चार वाक्ये बोलला. महाराष्ट्रात असताना माझी ओळख पद, शाळा, केंद्र (म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट), तालुका आणि सेवेत लागल्याची तारीख एवढीच होती. शिक्षिका म्हणून मी कोण आहे, हे त्यांपैकी कशातूनही कळत नव्हते.

हा विचार परदेशी आहे असे कोणी म्हटले तर मला ते मान्य नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा वस्तीवरची मुले बालवाडीत येत नव्हती. मुलांना आणि पालकांना शिक्षणाची आवड नाही, असे लिहून मोकळे होणे सोपे होते. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी दोष आपल्या शाळेच्या रचनेत शोधला आणि शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज देशभर रूढ असलेला शब्द तेथून आला. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी त्यांनी कुरणावर शाळा भरवली. पाठ फसल्यावर मुलाकडे बोट न दाखवता आपल्या रीतीकडे पाहण्याचे याहून मोठे उदाहरण मला येथेही सापडलेले नाही.

मग अडते कुठे? द्विशिक्षकी शाळेतल्या एका शिक्षकाला आठवड्यातून एक दिवस मोकळा केला तर निम्मी शाळा उघडी पडेल, हा आक्षेप खरा आहे. तरीही काही गोष्टी आवाक्यात आहेत असे मला वाटते. शिक्षणसेवकाचे प्राथमिक स्तरावरील मानधन 2023 मध्ये 16,000 रुपये झाले, हे चांगलेच झाले; पण त्या तीन वर्षांना अर्थ द्यायचा असेल तर त्याच केंद्रातल्या एका अनुभवी शिक्षकाने महिन्यातून एकदा त्याच्या वर्गात बसावे, आणि त्याने टिपलेले कोणत्याही अहवालात जाऊ नये, असा लेखी नियम हवा. केंद्राची शिक्षण परिषद, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, होतेच. तिचा बराच वेळ सूचना आणि माहितीच्या तक्त्यांत जातो. त्यातला एक तास एखाद्या शिक्षकाने आपला न जमलेला पाठ सांगण्यासाठी राखता येईल. केंद्रप्रमुखांची रिक्त पदे भरली आणि त्यांना आकडे गोळा करण्यातून सोडवले, तर ते काम करणारी माणसे आपल्याकडे आहेत. ‘आम्हाला शिकवू द्या’ असे फलक घेऊन शिक्षक रस्त्यावर आले, तेव्हा मला त्यांच्याबरोबर चालावेसे वाटले होते. शिक्षणहक्क कायद्याचे 27 वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांना देण्यास मनाई करते. ते पाळले तरी कितीतरी तास मोकळे होतील. त्या तासांत काय करायचे, याची मागणीही शिक्षकांनीच पुढे आणावी, असे मला मनापासून वाटते.

माझ्याबरोबर त्याच केंद्रात काम केलेल्या एक शिक्षिका, ज्यांना मी आजही ताई म्हणते, सध्या शाळा आणि घर आटोपून रात्री टीईटीचा अभ्यास करतात. त्यांची 24 वर्षे सेवा झाली आहे. गेल्या महिन्यात मी त्यांना त्या 41 खुणांच्या कागदाची गोष्ट सांगितली. परवा त्यांनी टाचण वहीच्या मागच्या पानाचे छायाचित्र पाठवले. चौथीतला एक मुलगा आईबरोबर आठवडी बाजारात भाजी विकतो. शंभराच्या नोटेतून 63 रुपये गेले तर किती परत द्यायचे, हे तो क्षणात सांगतो, पण फळ्यावर तीच वजाबाकी मांडली की हातचा घेताना चुकतो. ताईंनी खाली लिहिले होते, “मी मांडणी आधी शिकवते, म्हणून त्याचे अडते का? उद्या बाजारापासून सुरुवात करून पाहायची.” दुसऱ्या दिवशी कसली तरी ऑनलाइन माहिती तातडीने भरायची होती, त्यामुळे तो पाठ सोमवारवर गेला आहे. सोमवारी संध्याकाळी मी त्यांना फोन करणार आहे.