गोळी स्वस्त झाली, उपचार नाही

एका लेखात म्हटलंय की एचआयव्हीची औषधं आता स्वस्त झालीत, तेव्हा आफ्रिकी देशांनी खर्च स्वतःच उचलावा. अर्धंच खरं आहे. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवर एकत्र घ्यायच्या तीन औषधांचा एका रुग्णामागे वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला, तेव्हा बड्या कंपन्या दहा हजारांहून जास्त घेत होत्या. आज डोल्युटेग्राविर या नव्या औषधासह तिन्ही औषधं एकत्र असलेली गोळी वर्षाला ४५ डॉलरच्याही आत मिळते. पण ती जन्मभर घ्यायची! रुग्ण जगतो, म्हातारा होतो, मग बीपी-शुगरही आलीच. शिवाय व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती उरलाय याची) तपासणी, प्रयोगशाळा, औषधसाठा, नर्स यांचा खर्च गोळीच्या दरात कुठे धरलाय? दक्षिण आफ्रिकेने २०१० पासून नर्सनाच औषध सुरू करायची मुभा दिली, म्हणून तिथे निभावलं. डॉक्टरांच्या भरवशावर राहिले असते तर रांगा कधी संपल्या नसत्या. तो देश बहुतांश पैसा स्वतःच्या तिजोरीतून घालतो, तरी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवल्यावर तिथली कित्येक केंद्रं बंद पडली. मग मलावी, मोझांबिकसारख्यांनी काय करायचं? त्यांचा तर हा सगळा डोलारा परदेशी पैशावरच उभा आहे.