पुल रिक्वेस्टचा पंचनामा

एका ओळीच्या दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या' अशी विनंती, मी पाठवली. तिच्या वर्णनावर काल पुण्याच्या रिव्ह्यूअरने, म्हणजे कोड तपासणाऱ्याने, शेरा मारला, "पाठवण्याआधी स्वतः एकदा वाचत जा." तोही सगळ्या टीमसमोर. मी वाचलं नव्हतं, हे खरंच आहे. पण ते त्याला कळावं, याचा राग अजून उतरलेला नाही.

दुरुस्ती कापसाच्या खेडा खरेदीच्या अ‍ॅपमधली. काट्यावर गाठोडं चढलं की वजन येतं, ३२.६ किलो म्हणा. जुना कोड प्रत्येक गाठोड्याचा अपूर्णांक छाटून ३२ धरायचा आणि मग बेरीज मारायचा. मी बेरीज ग्रॅममध्ये केली, किलो शेवटी एकदाच केले. वर्णन लिहायचा कंटाळा आला म्हणून डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, एआयला चिकटवला. त्याने चार मथळे, ठिपके देऊन अकरा मुद्दे आणि रॉकेटचं एक इमोजी काढून दिलं.

शेरा पचवत धुळ्यात ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, तर शेजारचे आप्पा आले. आप्पा निवृत्त तलाठी. कुठलाही कागद दिसला की वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत, मग ती लग्नपत्रिका असो नाहीतर औषधाच्या बाटलीचं लेबल.

"हाई काय शे रे भाऊ?"

"केलेल्या बदलाचं वर्णन, आप्पा."

कपाळावरचा चष्मा खाली आला. "'वजन-गणना प्रणाली अधिक मजबूत, सुस्पष्ट आणि देखभालसुलभ केली.'" एवढं वाचून ते थांबले. "काबर?"

"काबर म्हणजे?"

"काबर म्हंजे काबर! गारपीटना पंचनामामा मी 'पीक-परिस्थितीत सकारात्मक बदल' असं लिखं असतं, ते साहेबनी माले तठेच उभं करं असतं."

मी सांगितलं की एआयला फक्त डिफ दिसतो. काय बदललं ते त्यात असतं, का बदललं ते तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, नाहीतर माझ्या डोक्यात. आप्पा म्हणाले, मग डोकं का नाही दिलं? याला उत्तर नव्हतं.

पुढची ओळ, "'ओटीपी लॉगिन काढून टाकले.' हाई बी तूच काढं?"

मी हातही लावला नव्हता! दोष माझ्या दोन टिंबांचा. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यात डिफ मागताना मेन (सगळ्यांची मुख्य शाखा) आणि हेड (माझ्या कामाच्या वेगळ्या शाखेचं टोक) यांच्या मध्ये दोन टिंबं दिली की दोन्ही टोकांची थेट तुलना होते. दरम्यान दुसऱ्या कुणी मेनमध्ये ओटीपी घातला असेल, तर माझ्या शाखेत तो नाही म्हणून तो वगळल्यासारखा दिसतो. तीन टिंबं दिली की शाखा जिथून फुटली तिथपासूनचं फक्त माझं काम येतं. शिवाय लॉक फाइल, म्हणजे वापरलेल्या तयार पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी, वगळायची राहिली होती. त्या शेकडो ओळी वाचून एआयने 'अवलंबित्वांचे आधुनिकीकरण' असा स्वतंत्र मथळा दिला होता. मी फक्त पॅकेजेस नव्याने टाकली होती.

"'सर्व चाचण्या यशस्वी.' पंच कोन व्हतात?"

पंच नव्हतेच. चाचण्या कुणी चालवल्याच नव्हत्या. वर्णनाच्या ठरलेल्या साच्यात 'चाचणी' हा रकाना रिकामा दिसला आणि एआयने तो भरला, जसा लग्न जमवणारा मुलाच्या पगाराचा रकाना भरतो. आता मी त्याला आधीच बजावतो, चाचणीचा रकाना कोरा ठेव, तिकिटाचा नंबर स्वतःहून घालू नकोस. कारण तळाशी त्याने 'फिक्सेस' लिहून पुढे ४० ठोकला होता, आणि ते ४० म्हणजे डिफमधल्या माझ्या उदाहरणातली गाठोडी होती. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, असं वर्णन असलेला बदल मुख्य शाखेत मर्ज झाला, म्हणजे मिसळला, की त्या नंबरचं तिकीट आपोआप बंद होतं. ४० नंबरचं तिकीट छपाईचं होतं, आणि ती अजूनही बिघडलेलीच आहे.

एक मात्र बोलतोच. हा रिव्ह्यूअर स्वतः माझा कोड एआयकडून तपासून घेतो आणि त्याचे शेरे जसेच्या तसे डकवतो. त्यात माझ्या 'ग्रॅम' या नावाला 'अधिक अर्थपूर्ण नाव सुचवावे' असा सल्ला असतो. ग्रॅमला अजून काय अर्थ हवाय? लिहायला यंत्र, वाचायला यंत्र, आणि बोलणी खायला तेवढा मी.

तोवर आप्पा बोटांवर हिशोब करत होते. गाठोड्यामागे सरासरी अर्धा किलो छाट, ४० गाठोड्यांना २० किलो, सात हजार क्विंटलचा भाव धरला तर १,४०० रुपये. त्यांनी चष्मा काढला. "म्हंजे मशीन काटा मारे!"

"मारायचं, आप्पा. आता नाही."

"मंग तसं लिख ना!"

लिहिलं. 'प्रत्येक गाठोड्याचा अपूर्णांक छाटल्यामुळे शेतकऱ्याचं वजन कमी भरत होतं. आता ग्रॅममध्ये बेरीज, किलो शेवटी एकदा. तपासणी: ३२.६ किलोची ४० गाठोडी; आधी १,२८०, आता १,३०४.' यावेळी हे आकडे खरंच चालवून पाहिले. रॉकेट काढलं.

आप्पा उठले, चप्पल शोधता शोधता वळले. "मांगल्या पावत्यास्नं काय?"

हा प्रश्न एआयच्या अकरा ठिपक्यांत कुठेच नव्हता. जे डिफमध्ये नाही ते त्याला दिसणार कुठून? मी शेवटची ओळ जोडली, 'जुन्या पावत्या या बदलाने दुरुस्त होत नाहीत.'

आप्पांनी ती दोनदा वाचली. "आणि त्यासना पैसा?"

मी लॅपटॉप मिटला.