ग्रोसबीक थंडीची वर्दी घेऊन येत नाहीत

ऑक्टोबर लागला की कॅनडाच्या ऑन्टारिओ आणि क्वेबेक प्रांतांत, तसेच अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत एक समजूत नव्याने फिरू लागते, आणि तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवरही ती एखाद्या देखण्या छायाचित्रासह येऊन थडकते. छायाचित्र बहुधा इव्हनिंग ग्रोसबीक या पक्ष्याच्या नराचे असते. हळदीसारखे पिवळे अंग, गडद तपकिरी डोके, डोळ्यांवर ठसठशीत पिवळी भुवई, काळ्या पंखांवर मोठा पांढरा डाग आणि चेहऱ्याच्या मानाने अवाढव्य वाटणारी चोच असा त्याचा थाट असतो. सोबतच्या मजकुराचा आशय थोडक्यात असा : हा पक्षी उत्तरेच्या जंगलातून थव्याने खाली उतरला, की येणारा हिवाळा कडक जाणार हे नक्की, त्याला थंडीची चाहूल काही महिने आधीच लागते आणि म्हणून तो दक्षिणेकडे पळ काढतो, जुन्याजाणत्यांचा अनुभव याला साक्षी आहे, आणि अलीकडे हे थवे फारसे दिसत नाहीत, याचे कारण हिवाळेच सौम्य झाले आहेत. या चारही विधानांत पक्षी खरा आहे आणि त्याचे येणेही खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

ज्या पक्ष्याला थंडी सोसत नाही, तोच तिच्यापासून पळेल. इव्हनिंग ग्रोसबीक चिमणीपेक्षा लांबीने थोडाच मोठा असला, तरी त्याचे वजन सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे चिमणीच्या दुप्पट भरते, आणि फुलवलेल्या पिसांच्या आवरणात हे जाडजूड शरीर कडाक्याच्या रात्री काढू शकते. ऑन्टारिओतील अल्गॉन्क्विन उद्यानात हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांच्याही खाली जातो. तरी तिथल्या पर्यटक केंद्राच्या फीडरवर, म्हणजे पक्ष्यांसाठी ठेवलेल्या दाण्याच्या भांड्यावर, भर जानेवारीत हे पक्षी सूर्यफुलाच्या बिया फोडत बसलेले असतात, आणि मिनेसोटातील सॅक्स-झिम या दलदलीच्या प्रदेशात तर याच मोसमात त्यांना पाहायला लोक मुद्दाम जातात. त्याच जंगलातील त्याचे भाईबंद तर आणखी पुढचे आहेत. क्रॉसबिल नावाचा, चोचीची टोके एकमेकांवर कात्रीसारखी ओलांडलेला फिंच (बिया खाणाऱ्या पक्ष्यांच्या याच कुळातला) स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या शंकूंमध्ये भरपूर बिया असतील, तर बर्फाने लदलेल्या झाडावर ऐन हिवाळ्यात घरटे बांधतो, अंडी उबवतो आणि पिल्ले वाढवतो. जेमतेम १३-१४ ग्रॅम वजनाचा रेडपोल अन्ननलिकेच्या एका पिशवीवजा भागात बिया साठवून ठेवतो आणि रात्रीच्या मुक्कामात त्या पचवतो. पोट भरलेले असेल तर या पक्ष्यांना थंडीचे भय नसते. उलट पोट रिकामे असेल, तर सौम्य हिवाळाही त्यांना जंगल सोडायला लावतो.

पळ काढण्याची दिशाही या समजुतीच्या आड येते. १९२०च्या दशकात मिशिगनमधील सू सेंट मेरी येथे पायांत कडी घालून सोडलेले ग्रोसबीक पुढे न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या राज्यांत, सापडले. हा प्रवास दक्षिणेपेक्षा पूर्वेकडे अधिक झालेला आहे, आणि न्यू इंग्लंडला उबदार हिवाळ्यासाठी कोणी नावाजल्याचे माझ्या ऐकिवात नाही. शिवाय हे थवे हलू लागतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे कडाका पडायच्या कितीतरी आधी. दावा करणाऱ्यांना इथेच भविष्यज्ञान दिसते. पण त्या वेळी जंगलात घडलेली एक साधी गोष्ट पाहिली, तर भविष्यज्ञानाची गरज उरत नाही.

ती गोष्ट म्हणजे झाडांचा बहर. उत्तरेकडील जंगलांतील स्प्रूस, बर्च, माउंटन ॲश यांसारखी झाडे दर वर्षी सारख्या बिया धरत नाहीत. एखाद्या वर्षी फांद्या वाकतील इतके पीक येते आणि पुढच्या वर्षी जवळजवळ काहीच येत नाही. आंब्याला एक वर्ष मोहोर आणि एक वर्ष खाडा, हे कोकणात कोणाला सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की इथे हा खाडा शेकडो किलोमीटरांच्या पट्ट्यात एकाच वेळी पडतो. भरघोस वर्षात पक्षी तगतात आणि त्यांची संख्या वाढते, आणि त्यापाठोपाठ खाड्याचे वर्ष आले की खाणारी तोंडे जास्त आणि दाणा कमी, अशी अवस्था होते. मग थवेच्या थवे जंगल सोडून जिथे खायला मिळेल तिथे निघतात. पक्षिअभ्यासक याला इरप्शन म्हणतात. आपण त्याला लोंढा म्हणू. वॉल्टर कोनिग आणि जोहानस नॉप्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतील बिया खाणाऱ्या पक्ष्यांच्या लोंढ्यांचा झाडांच्या पिकाशी मेळ घालून पाहिला, तेव्हा भरपूर पिकानंतर आलेले तुटपुंजे पीक हीच त्यामागची मुख्य परिस्थिती असल्याचे दिसले.

हवामानाचा या साऱ्याशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे मात्र अतिरेकाचे ठरेल. पाइन सिस्किन या छोट्या फिंचवर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात खंडभरातील हवामानाची ठेवण आणि या पक्ष्यांचे लोंढे यांचा स्पष्ट संबंध आढळला. परंतु ते हवामान आधीच्या एक-दोन वर्षांतले होते, कारण झाडाने बीज धरावे की नाही हे त्या काळातील ऊन-पावसावर ठरते. म्हणजे लोंढा पाहून हवामानाबद्दल काही सांगायचेच झाले, तर ते होऊन गेलेल्या हवामानाबद्दल सांगता येईल. येऊ घातलेल्या जानेवारीबद्दल थवा काहीही सांगत नाही.

या गोष्टीची व्यावहारिक कसोटीही अनेक वर्षे लागत आली आहे. ऑन्टारिओतील रॉन पिटावे यांनी १९९९ पासून दोन दशके दर शरदात हिवाळी फिंचांचा अंदाज प्रसिद्ध केला आणि पुढे ते काम इतरांनी चालू ठेवले. कोणता पक्षी खाली येईल आणि कोणता उत्तरेतच राहील, हे सांगण्यासाठी ते ठिकठिकाणच्या जाणकारांकडून स्प्रूसला शंकू किती लागले, बर्चला बी कसे धरले, माउंटन ॲशची फळे किती, याची माहिती गोळा करत. त्यांनी पक्ष्यांवरून थंडी वर्तवली नाही की थंडीवरून पक्षी वर्तवले नाहीत. झाडांकडे पाहिले, आणि त्यांच्या अंदाजाला पक्षिनिरीक्षकांत मान मिळाला तो त्यामुळेच.

आता जुन्या लोकांच्या अनुभवाची साक्ष. इव्हनिंग ग्रोसबीकच्या इतिहासातील सर्वांत गाजलेला लोंढा १८८९-९० च्या हिवाळ्यातला आहे. तोवर मुख्यतः पश्चिमेकडचा मानला जाणारा हा पक्षी त्या वर्षी प्रथमच मोठ्या संख्येने न्यू इंग्लंडपर्यंत पोहोचला. दावा खरा असता, तर तो हिवाळा हाडे गोठवणारा ठरायला हवा होता. प्रत्यक्षात तो अमेरिकेच्या पूर्व भागात विलक्षण उबदार गेला, इतका की हडसन नदीवर कापून साठवण्याजोगा बर्फ धड जमलाच नाही. शीतकपाटांच्या आधीच्या त्या काळात न्यूयॉर्कसारखी शहरे नदीतून कापलेल्या बर्फावर उन्हाळा काढत असत. त्यामुळे १८९० साली तिथे बर्फाचा चक्क दुष्काळ पडला आणि व्यापाऱ्यांना मेन राज्याकडे धाव घ्यावी लागली. ज्या वर्षी ग्रोसबीकने सर्वांत मोठ्याने वर्दी दिली, असे या मजकुराच्या हिशोबाने म्हणावे लागेल, त्याच वर्षी ती वर्दी सपशेल खोटी ठरली.

अलीकडचे उदाहरणही असेच आहे. २०२० च्या शरदात अनेक दशकांत न दिसलेले ग्रोसबीकचे थवे पूर्वेकडील राज्यांत उतरले, आणि त्यानंतरच्या जानेवारीत अमेरिका-कॅनडा सीमेवरील ग्रेट लेक्स या महासरोवरांवरचे बर्फाचे आच्छादन नेहमीपेक्षा फारच कमी होते. याउलट २०१३-१४ चा हिवाळा इतका कडक होता की मार्च २०१४ मध्ये या सरोवरांचा ९२ टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग गोठला होता. पण त्या वर्षी चर्चा झाली ती ग्रोसबीकची नव्हे, तर हिमघुबडांची, आणि ती घुबडेही थंडीमुळे नव्हे, तर उत्तर क्वेबेकमध्ये आदल्या उन्हाळ्यात लेमिंग नावाचे उंदीरवजा प्राणी उदंड झाल्याने घुबडांची पिल्ले भरपूर जगली म्हणून दक्षिणेत आली होती.

मग जुन्या लोकांना हा मेळ का दिसला? त्यांनी खोटे सांगितले, असे मला म्हणायचे नाही. ज्या वर्षी बर्फ खोल साचतो, त्या वर्षी रानातला दाणा झाकला जातो, पक्षी अंगणातल्या फीडरवर गर्दी करतात आणि घरात अडकलेली माणसे खिडकीतून त्यांच्याकडे अधिक वेळ पाहतात; त्यामुळे कडक हिवाळा आणि पिवळे थवे आठवणीत एकत्र राहतात आणि सौम्य हिवाळ्यातले थवे विसरले जातात. शिवाय लोंढा दर दोन-तीन वर्षांनी येत असेल, तर त्यांतले काही हिवाळे आपोआपच कडक निघणार. कावळ्याने घरटे कुठे बांधले यावरून पावसाचा अंदाज बांधणारे आपल्याकडेही आहेत, आणि तिथेही जमलेला अंदाज वर्षानुवर्षे सांगितला जातो.

याच भागात दुसरी एक म्हण रूढ आहे : माउंटन ॲशला लाल फळे लगडली, की हिवाळा कडक. गंमत अशी, की ग्रोसबीकचा गुलाबी नातेवाईक असलेला पाइन ग्रोसबीक याच फळांवर हिवाळा काढतो, आणि उत्तरेत ती भरपूर असली की तो खाली येतच नाही. तेव्हा उत्तरेत फळे लगडलेल्या वर्षी झाड म्हणते हिवाळा कडक, आणि न आलेला पक्षी म्हणतो हिवाळा सौम्य. या दोन्ही म्हणी एकाच घरात नांदू शकत नाहीत, हे त्या पुढे पाठवणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

या पक्ष्याच्या बाबतीत ऐकीव गोष्टीवरून निष्कर्ष काढण्याची परंपरा तशी जुनीच आहे. १८२५ साली विल्यम कूपर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा दिवसा तो दाट सावलीत दडून बसतो आणि सूर्यास्तालाच बाहेर पडतो, अशा सांगोवांगीवर विसंबून त्याला संध्याकाळचा पक्षी ठरवले गेले. वस्तुतः तो दिवसभर, आणि सकाळी तर विशेष उत्साहाने, खात असतो. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

शेवटचे विधान, म्हणजे थवे घटले ते हिवाळे सौम्य झाल्याने, हे मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यामुळे खरी काळजीची गोष्ट झाकली जाते. थवे घटले आहेत हे खरेच आहे. फीडरवरील पक्ष्यांची नागरिकांकडून नोंद घेणाऱ्या प्रोजेक्ट फीडरवॉचच्या माहितीनुसार १९८८ ते २००६ या काळात इव्हनिंग ग्रोसबीक दिसणाऱ्या ठिकाणांची संख्या निम्म्याने घटली आणि जिथे तो दिसला, तिथेही थव्याचा सरासरी आकार २७ टक्क्यांनी लहान झाला. उत्तर अमेरिकेतील पक्षिसंवर्धन संस्थांच्या २०१६ च्या आराखड्यात १९७० पासूनची घट ९२ टक्के सांगितली आहे. पक्षी केवळ उत्तरेत थांबून राहिले असते, तर दक्षिणेत ते दिसले नसते इतकेच. एकूण संख्या अशी कोसळली नसती. त्याच वर्षी कॅनडाच्या तज्ज्ञ समितीने त्याला विशेष चिंतेच्या प्रजातींत घातले.

ही घट समजून घ्यायची, तर हिवाळा सोडून उन्हाळ्याकडे पाहावे लागते. या पक्ष्याची पिल्ले वाढतात ती मुख्यतः अळ्यांवर, आणि त्यांतही स्प्रूस बडवर्म या, फर आणि स्प्रूसचे कोवळे कोंब खाणाऱ्या अळीवर. विसाव्या शतकात या अळीचे प्रचंड उद्रेक झाले आणि त्यांच्या जोरावर ग्रोसबीक पूर्वेकडे पसरला. त्याच काळात शहरांतून सावलीसाठी लावलेल्या बॉक्स एल्डर या मेपलने त्याला हिवाळ्यात हात दिला, कारण त्याच्या बिया हिवाळाभर फांद्यांवर लटकत राहतात. १९७०-८० च्या दशकांतला मोठा उद्रेक ओसरल्यावर उन्हाळ्यातले हे ताट आटले. त्याआधीपासून अळीवर विमानातून कीटकनाशके फवारली जात होतीच; कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात १९५२ पासून डीडीटी फवारले गेले. जुन्या जंगलांची तोड आणि खिडक्यांच्या काचांवर आपटून होणारे मृत्यू हेही त्यात जमेस धरावे लागतात. २०२० चा मोठा लोंढा आला, तो क्वेबेकमध्ये अळी पुन्हा वाढू लागल्यानंतर. एखाद्या जंगलात अचानक जमलेले ग्रोसबीक ही बडवर्मच्या उद्रेकाची पहिली खूण ठरू शकते. या पक्ष्याला वर्दी देणारा म्हणायचेच असेल, तर तो थंडीची नव्हे, अळीची वर्दी देतो.

राहता राहिला हिवाळ्यातला खरा धोका. बिया खाणाऱ्या या पक्ष्यांना मिठाची आणि बारीक खड्यांची ओढ असते, आणि बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ आणि वाळू पसरलेली असते. ती टिपायला थवाच्या थवा डांबरावर उतरतो आणि समोरून मोटार आली तरी वेळेत उडत नाही. थंडीत हा पक्षी तगतो. चाकाखाली मात्र त्याचे काही चालत नाही. जानेवारीत उत्तरेच्या एखाद्या जंगलरस्त्याने जाताना पुढे पिवळे ठिपके दिसले, तर हिवाळ्याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा गाडीचा वेग कमी करावा.